आमच्या नावावर पन्नास हजारांची देणगी

गणपती बसायच्या दोन दिवस आधी बजाजनगरच्या आमच्या चौकात बॅनर लागलं. 'महिला व कामगार बांधवांसाठी मोफत आर्थिक साक्षरता शिबिर. इन्कम टॅक्स रिटर्न मोफत भरून मिळेल.' खाली मुदत, १५ सप्टेंबर २०२५. फोटोतला माणूस वेगळा आहे, मजकूर दोन वर्षांपूर्वी आम्ही फसलो त्या शिबिराचाच. ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं. बॅनर बघून आल्यावर तेच म्हणाले, लिही.

२०२३ च्या जुलैमधलं शिबिर मीच भरवलं होतं. म्हणजे बोलवणारी मी, समाजमंदिराची किल्ली आणणारी मी, चहा-पोह्यांचं बघणारी मी. बचत गटाची अध्यक्ष म्हणून मला तेव्हा शिकवायला आलेल्या मुलाचं कौतुकच वाटलं होतं. वाळूजच्या कंपन्यांमधून काम करणारी आमची माणसं, पगार आला की कुठे जातो ते कळत नाही, आणि इथे एक शिकलेला मुलगा फुकट समजावून सांगतोय. दीड तास बोलला. बिशीत पैसे अडकतात कसे, आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज वर्षाला किती टक्क्यांनी पडतं, महिना शेकडा पाचने सावकाराकडून उचलले तर वर्षात साठ टक्के कसे होतात. फळ्यावर गणित मांडून दाखवलं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. आजही मी गटात तेच गणित सांगते. एवढं खरं बोलणारा माणूस पुढे खोटं करेल हे डोक्यात येतच नाही.

चहा झाल्यावर म्हणाला, "ताई, ज्यांचा टीडीएस, म्हणजे पगारातून कर, कापला गेलाय त्यांनी कंपनीने दिलेला फॉर्म १६ आणा. रिटर्न मोफत. रिफंड मिळाला तरच त्यातले वीस टक्के द्यायचे, नाही मिळाला तर काही नाही." आम्ही सात जणींनी घरून कागद आणले. शेकडा पाचवर तासभर ऐकून शेकडा वीसला हो म्हणताना एकीलाही खटकलं नाही. मलाही नाही.

आमच्या ह्यांचा तेव्हाचा पगार ओव्हरटाइम धरून वर्षाला ७ लाख २० हजार. आकडा मोठा वाटतो, पण खाणारी तोंडं सहा, सासऱ्यांचं डायलिसिस, दोन मुलांची शाळा. पीएफ आणि एलआयसी सोडली तर वजावट काही नाही, म्हणून कंपनीने ३५,८६० रुपये कर कापून भरला होता. तो मुलगा लॅपटॉपवर दहा मिनिटं टकटक करत होता. मग फोनवर ओटीपी आला. "ताई, सहा आकडे सांगा." मी सांगितले. हे ड्युटीवर होते, फोन माझ्याकडे होता. पासवर्ड लिहून देऊ का विचारलं तर म्हणाला, "राहू द्या माझ्याकडे, तुमच्याकडून हरवेल."

ऑगस्टमध्ये पूर्णच्या पूर्ण ३५,८६० खात्यावर जमा. घरात पेढे आणले. संध्याकाळी तो आला आणि ७,१७२ रुपये रोख घेऊन गेला. सुटे दोन रुपयेसुद्धा मोजून घेतले.

पुढच्या वर्षी मी फोन केला तर सुरुवातीला म्हणाला, फॉर्म १६ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पाठवला. नंतर फोन उचलेना. कारण नंतर कळलं: त्या वर्षापासून नवीन करपद्धत आपोआप लागू धरली गेली, तिच्यात तेव्हा सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नव्हता, त्यामुळे ह्यांचा टीडीएस कापलाच गेला नव्हता. रिफंडच नाही तर वीस टक्के कशाचे? ते रिटर्न कंपनीतल्या एका ओळखीच्यानेच भरून दिलं, त्याच जुन्या आयडीवर, ह्यांच्या आधारवरून ओटीपी घेऊन. बाकी काही आम्ही उघडून बघितलं नाही.

यंदा मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. बँकेने शैक्षणिक कर्जासाठी वडिलांची तीन वर्षांची रिटर्न मागितली. मुलीने ती काढून दिली. बँकेतले साहेब कागद चाळता चाळता थांबले आणि म्हणाले, "तुमचं आधीचं शैक्षणिक कर्ज कोणाच्या नावावर आहे?" आम्ही म्हटलं, हेच पहिलं. त्यांनी कागद फिरवून आमच्याकडे केला. शैक्षणिक कर्जाचं व्याज, ४० हजार. त्याच्या वर आरोग्य विम्याचा हप्ता, २५ हजार. आमचा विमा कंपनीचाच, आम्ही वेगळा कधी काढला नाही. आणि राजकीय पक्षाला देणगी, ५० हजार.

कुठला पक्ष, ते त्या फॉर्मात नव्हतं. आमच्या ह्यांना आजवर पक्षाने दिलेलं म्हणाल तर सभेला गेल्यावरचा एक वडापाव. देणं तर दूरच.

घरी येऊन मुलीने आयकर विभागाच्या पोर्टलवर प्रोफाइल उघडलं. मोबाइल नंबर आमचा नाही. ईमेल आमचा नाही, कुठला तरी नावामागे आकडे लावलेला पत्ता. विभागाकडून सूचना गेल्या असतील तर त्या तिकडे. आम्ही इकडे बिनधास्त.

मग सीएकडे गेलो. त्यांनी जे समजावलं ते कळल्यावर राग आला तो स्वतःचाच. रिटर्न भरताना पावत्या जोडाव्या लागत नाहीत. तेव्हा नुसता आकडा टाकला की विभाग तो मानून रिफंड सोडायचा आणि पडताळणी मागाहून करायचा. तिन्ही खोट्या वजावटी मिळून १ लाख १५ हजार, म्हणजे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या बरोबर खाली येईल इतक्याच. तेव्हा पाच लाखांच्या आत कर शून्य व्हायचा. हिशेब अगदी मापात शिवलेल्या ब्लाउजसारखा. आणि मी सांगितलेले ते सहा आकडे म्हणजे ह्यांची सही. कायद्याच्या लेखी खोटं रिटर्न आमच्या ह्यांनीच भरलेलं होतं. त्या मुलाचं नाव त्यात कुठेच नाही. नोटीस येऊन प्रकरण सिद्ध झालं असतं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड.

सीएंनी आणखी एक दाखवलं, ते मला सगळ्यात जास्त लागलं. दोन्ही मुलांच्या शाळेची ट्यूशन फी त्या वर्षी २२ हजार होती. ती वजावट कायद्याने मिळत होती, पावत्या आमच्या कपाटात होत्या. ती त्याने धरलीच नव्हती, विचारलीही नव्हती. सरळ रिटर्न भरलं असतं तर साडेचार हजारांचा रिफंड हक्काने आला असता.

ऑगस्टमध्ये अद्ययावत (अपडेटेड) रिटर्न भरलं, पोर्टलवर त्याला आयटीआर-यू म्हणतात. शाळेची फी वजावटीत धरून उरलेला कर, त्यावर व्याज, आणि या दोन्हींच्या बेरजेवर आणखी ५० टक्के. ३१ मार्च २०२५ च्या आत भरलं असतं तर हे २५ टक्केच लागले असते. सगळं मिळून साठ हजारांच्या वर गेलं. माझ्या पाटल्या गहाण आहेत. सीए म्हणाले, नोटिसीच्या आधी आलात हे बरं. १४ जुलै २०२५ ला विभागाने अशा एजंटांवर देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार लोकांनी आपली रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते, हेही त्यांनीच सांगितलं. आपण एकटेच मूर्ख नाही एवढाच त्यात दिलासा.

पोर्टलवर स्वतः रिटर्न भरायला एक पैसा लागत नाही. पगार आणि टीडीएस आधीच भरून आलेला असतो. अडलं तर १८०० १०३ ००२५ या नंबरवर फोन करा, तोही फुकट. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं आर्थिक साक्षरता केंद्र असतं, तिथले लोक गटात येऊन शिकवतात आणि कुणाचा ओटीपी मागत नाहीत. हे मला गेल्या महिन्यात कळलं, गटाची अध्यक्ष होऊन सहा वर्षं झाल्यावर. आणि ज्यांनी कुणाकडून भरून घेतलंय त्यांनी आज प्रोफाइल उघडून एवढंच बघा, मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे.

गेल्या रविवारी मुलीला घेऊन मी बाकीच्या सहा घरी गेले. एका घरी दार उघडलंच नाही. पाच जणींनी लॉगिन करू दिलं, पाचही ठिकाणी तोच ईमेल. दोघी माझ्याशी बोलत नाहीयेत, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. एकीचा नवरा म्हणाला, "दोन वर्षं काही आलं नाही, आता कशाला झोपलेल्याला उठवता?" मी त्यांना तारीख सांगितली: ३१ मार्च २०२६ नंतर ५० चे ६० टक्के होतील. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

ज्या घरचं दार उघडलं नाही तिथे गौरी-विसर्जन झालं की परत जाणार आहे.