पहिल्या सत्राचं कॅल्क्युलस: बडोद्यात कुणाकडे शिकावं?

बारावी झाली, बीएस्सीला किंवा इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला, की महिन्याभरात घरात विषय निघतोच: कॅल्क्युलसला क्लास लावायचा का, आणि लावायचा तर कुणाचा? दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या घरांत बहुधा शेजारच्या मुलाने लावलेलाच क्लास लागतो. फी भरली जाते आणि पहिल्या इंटर्नलचे मार्क हातात आल्यावर चूक कळते.

समोर तीन वाटा असतात: कॉलेजातलं लेक्चर आणि ट्युटोरियल, संध्याकाळची खासगी बॅच, आणि फुकट मिळणारे व्हिडिओ कोर्स. निकाल आधीच सांगून टाकतो. ट्युटोरियल चुकवू नका, त्याला अमेरिकेतल्या एमआयटीच्या व्हिडिओंची जोड द्या, आणि पैसे द्यायचेच असतील तर तुमची वही ओळीओळीने वाचणाऱ्यालाच द्या.

आधी कोर्सबद्दल. बारावीत सूत्र पाठ असलं की भागतं. कॉलेजात तेच सूत्र केव्हा लागू होत नाही हे विचारतात, आणि चांगले मार्क असलेली मुलं नेमकी तिथे अडकतात. त्यात इथे भाषेचा गुंता असतो. गुजराती माध्यमातून आलेल्या मुलाच्या डोक्यात लिमिट म्हणजे 'लक्ष', डेरिव्हेटिव्ह म्हणजे 'विकलित', इंटिग्रेशन म्हणजे 'संकलन'. कॉलेजात फळ्यावर सगळं इंग्रजीत, आणि घरी बोलायचं मराठीत. पहिल्या दोन आठवड्यांत तिन्ही शब्द शेजारीशेजारी लिहून देणारे सर किंवा मॅडम भेटले तर निम्मी धास्ती तिथेच जाते. इतकी साधी गोष्ट असून ती फार थोडे जण करतात.

आता शिकवणारा पारखायचा कसा? डेमो लेक्चरवर जाऊ नका. डेमोला कुणीही सोपा विषय निवडतो आणि तो घोटून आलेला असतो. चालू बॅचच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातलं साधं लेक्चर बसून ऐकू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर पुढे चौकशी करायची गरज नाही.

तिथे बसल्यावर बघायचं ते एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे सीमा (लिमिट) काटेकोरपणे सिद्ध करायची पद्धत. क्ष ३ कडे जाताना क्ष² ची सीमा ९ असते, हे सिद्ध करायचं आहे असं धरा. बरेच जण फळ्यावर थेट लिहितात: 'डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांतला लहान.' मुलं उतरवून घेतात. हा ७ कुठून आला ते वर्गात कुणालाच माहीत नसतं. नीट शिकवणारा आधी फळ्याच्या कोपऱ्यात कच्चं काम करतो. क्ष² आणि ९ यांच्यातलं अंतर म्हणजे |क्ष − ३| गुणिले |क्ष + ३|. पहिला अवयव आपल्या ताब्यात आहे, दुसरा मोकाट आहे. त्याला आवरायचं म्हणून आधी ठरवायचं की ३ पासून १ पेक्षा लांब जायचंच नाही. मग क्ष २ आणि ४ यांच्या मध्ये अडकतो आणि क्ष + ३ कायम ७ पेक्षा कमी राहतो. आता |क्ष − ३| एप्सिलॉनच्या सातव्या भागाहून लहान ठेवलं की गुणाकार एप्सिलॉनच्या आत येतो. यानंतर जर त्याने वर्गाला विचारलं, 'त्या १ ऐवजी २ घेतला असता तर ७ च्या जागी काय आलं असतं?', आणि उत्तर येईपर्यंत तो थांबला, तर माणूस हाडाचा शिक्षक आहे. (उत्तर ८. क्ष १ आणि ५ यांच्या मध्ये राहतो, म्हणून.) हे सगळं दहा-बारा मिनिटांचं काम आहे. जिथे ते दोन मिनिटांत उरकतं तिथे पुढचं सगळं पाठांतर होणार हे नक्की.

दुसरी परीक्षा तुम्ही स्वतः घ्यायची, लेक्चर संपल्यावर, नम्रपणे. विचारायचं: 'सर, साइन क्ष भागिले क्ष ची सीमा शून्यापाशी १ येते, ती लॉपितालच्या नियमाने काढली तर चालेल का?' उत्तर 'हो, दोन ओळींत होतं' असं आलं, तर सरांना उत्तर काढता येतं पण गणिताची बांधणी त्यांनी तपासलेली नाही. लॉपितालच्या नियमात वरच्या आणि खालच्या फलनाचं डेरिव्हेटिव्ह घेतात, म्हणून साइनचं डेरिव्हेटिव्ह लागतं, आणि ते मिळवायला हीच सीमा आधी माहीत असावी लागते. म्हणजे गोल फिरून पुन्हा तिथेच. खरा मार्ग वर्तुळातून जातो: लहान त्रिकोण, त्याच्या बाहेर वर्तुळपाकळी, तिच्या बाहेर मोठा त्रिकोण, आणि तिघांच्या क्षेत्रफळांची तुलना. ही आकृती जो काढतो तो रेडियनचा मुद्दाही आपोआप सांगतो.

रेडियनवर जरा थांबायला हवं, कारण इथे दर वर्षी मार्क जातात. कॅल्क्युलेटरवर ०.१ चा साइन काढून त्याला ०.१ ने भागा. रेडियनमध्ये ०.९९८३३ येतं. ०.०१ घेतला तर ०.९९९९८. म्हणजे १ कडे चाललंय हे डोळ्यांनी दिसतं. पण कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला असेल तर दोन्ही वेळा ०.०१७४५ च्या आसपास येतं आणि मूल गोंधळतं. ही π (पाय) भागिले १८० ची किंमत आहे. डिग्रीत कोन मोजला तर सीमा तीच येते, म्हणून कॅल्क्युलसमध्ये कोन रेडियनमध्येच मोजतात. बारावीत त्रिकोणमितीची उदाहरणं डिग्रीत सोडवून कॅल्क्युलेटर तसाच दप्तरात पडलेला असतो. सत्र सुरू होण्याआधी तो रेडियनवर करून ठेवावा.

लॉपितालचीच आणखी एक चूक फार होते. (क्ष² + १) भागिले (क्ष + १), क्ष १ कडे जाताना. सरळ किंमत घातली तर २ भागिले २, उत्तर १. नियम लावायची सवय लागलेला मुलगा वरखाली डेरिव्हेटिव्ह घेतो आणि २ लिहून मोकळा होतो. इथे शून्य भागिले शून्य नाही, अनंत भागिले अनंतही नाही, म्हणून नियम लागूच होत नाही. वही तपासणारा शिक्षक हे एकदा पकडतो, समासात 'अट?' एवढाच शब्द लिहितो, आणि मूल जन्मभर विसरत नाही. न तपासणाऱ्याच्या बॅचमध्ये ही चूक थेट परीक्षेत उघडी पडते.

इंटिग्रेशनमध्ये असाच खड्डा आहे. १ भागिले क्ष² चं समाकलन −१ पासून १ पर्यंत. सूत्राने उत्तर −२ येतं. फलन सगळीकडे धन, आणि क्षेत्रफळ ऋण! मध्ये शून्यापाशी फलन फुटतं, त्यामुळे हे सूत्र देणाऱ्या कॅल्क्युलसच्या मूलभूत प्रमेयाची अटच मोडते. खरं तर हे समाकल अनंताकडे जातं. चांगल्या शिकवणाऱ्याकडे अशी मोडणारी उदाहरणं प्रत्येक प्रमेयामागे एखाद-दुसरं तरी तयार असतात. मध्यममूल्य प्रमेयासाठी −१ ते १ मधलं |क्ष|: दोन्ही टोकांची किंमत सारखी, पण शून्य उताराची स्पर्शिका कुठेच नाही, कारण मधे शून्यापाशी आलेखाला कोपरा आहे. मटेरियलचे गठ्ठे किती जाड आहेत हे बघू नका, त्यात अशी उदाहरणं किती आहेत ते बघा.

शाब्दिक उदाहरणांची तऱ्हा वेगळी. बडोद्यात उत्तरायण आहे, तेव्हा पतंगाचंच घेऊ. पतंग ४० मीटर उंचीवर स्थिर, वारा त्याला सेकंदाला ३ मीटर आडवा नेतोय. दोर ताणलेला, सरळ आणि ५० मीटर लांब असताना फिरकी किती वेगाने सुटतेय? आडवं अंतर ३० मीटर. मुलं ३० आणि ५० हे आकडे समीकरणात आधीच घालतात आणि मग डेरिव्हेटिव्ह घेतात. आकड्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य, त्यामुळे शून्य बरोबर शून्य मिळतं आणि पेन थांबतं. आधी अक्षरांत समीकरण: दोराचा वर्ग बरोबर आडव्या अंतराचा वर्ग अधिक ४० चा वर्ग. मग काळाच्या संदर्भात अवकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह घेणं. आकडे सगळ्यांत शेवटी. उत्तर ३० भागिले ५० गुणिले ३, म्हणजे सेकंदाला १.८ मीटर. वाऱ्यापेक्षा फिरकी हळू सुटते हे उत्तर पटतंय का, असं जो शिकवणारा विचारतो त्याच्याकडे मूल बिनधास्त पाठवावं.

आता फुकटच्या वाटा. एमआयटीचा १८.०१ क्रमांकाचा कोर्स, प्रा. डेव्हिड जेरिसन यांचा, २००७ साली चित्रित झालेला. लेक्चर साधारण पन्नास मिनिटांचं, फळा आणि खडू, सोबत गृहपाठ, उत्तरं आणि जुन्या परीक्षा. पहिल्याच लेक्चरात ते १ भागिले क्ष या वक्राला स्पर्शिका काढतात आणि अक्षांबरोबर होणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढून दाखवतात. स्पर्शिका कुठेही काढा, ते २ च येतं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे कळायला याहून सुंदर सुरुवात सापडणार नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एप्सिलॉन-डेल्टा तिथे मिळणार नाही, त्यामुळे बीएस्सी गणितवाल्यांचं एवढ्यावर भागत नाही. आणि आंशिक अवकलन त्याच्या पुढच्या १८.०२ मध्ये आहे, म्हणून इंजिनीअरिंगवाल्यांना तोही लागतो.

आयआयटींचे फुकट व्हिडिओ कोर्स देणारं एनपीटीईएल आपल्या परीक्षापद्धतीला जास्त जवळचं आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर साप्ताहिक असाइनमेंटला २५ टक्के आणि प्रत्यक्ष परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. पण असाइनमेंट संगणक तपासतो. शेवटचं उत्तर बरोबर आलं की मार्क मिळतात, मधली ओळ चुकली होती हे सांगणारं कुणी नसतं. व्हिडिओ कोर्स कितीही उत्तम असला तरी ही उणीव त्याला भरून काढता येत नाही.

म्हणूनच ट्युटोरियलची किंमत मोठी आहे. सयाजीराव विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत असा, कलाभवनात, म्हणजे त्याच्या इंजिनीअरिंग शाखेत असा किंवा शहराबाहेरच्या खासगी कॉलेजात, ट्युटोरियलचा तास हा मुलं सगळ्यांत आधी बुडवतात. लेक्चर एक वेळ मित्राच्या वहीतून भरून निघतं, ट्युटोरियल निघत नाही. तिथे अर्धवट सोडवलेलं उदाहरण घेऊन जावं, कोरी वही नव्हे. 'मॅडम, इथपर्यंत आलं, या ओळीनंतर अडलं' असं बोट ठेवून विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं.

खासगी बॅच लावायचीच झाली तर एक हिशोब करा. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी पंचवीस वह्यांना पन्नास मिनिटं जातात. साठ मुलांच्या बॅचमध्ये वही तपासतो असं कुणी सांगितलं, तर कधी आणि कोण तपासतं ते विचारा. फी सत्राची एकरकमी न देता महिन्याची द्यावी. आणि 'परीक्षेत हमखास येणारे वीस प्रश्न' हे ज्या क्लासचं मुख्य आकर्षण आहे तिथून उठून यावं. पेपर काढणाऱ्याने आकडे आणि अट बदलली की ते वीसही निकामी होतात.

घरी रोज तासभर, पेनाने, उत्तर झाकून. पहिल्या तीन आठवड्यांत बीजगणिताची डागडुजी करून घ्यावी. क्ष² चं वर्गमूळ म्हणजे |क्ष|, नुसता क्ष नव्हे. बेरजेतला क्ष वरखाली काटता येत नाही. नापास होणाऱ्या बहुतेक वह्यांत कॅल्क्युलसची ओळ बरोबर असते आणि त्याखालची बीजगणिताची चुकलेली असते. तिसऱ्या आठवड्याअखेर स्वतःची वही उघडून बघा. समासात शिकवणाऱ्याच्या हातची एकही खूण नसेल तर पुढच्या महिन्याची फी भरू नका, दुसरीकडे बघा. इंटर्नलला तेव्हा वेळ असतो.