पॉवर्ड स्पीकर की ॲम्प्लिफायरवरची पॅसिव्ह जोडी? मंडळ आणि सोसायटीसाठी हिशेब

स्वतःचा साउंड घ्यायचं ठरलं की कमिटीत पहिला प्रश्न हमखास येतो, ‘किती वॉटचा घ्यायचा?’ मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुकानाच्या पायरीवर उभं राहिलात तरी गाडी तिथूनच सुरू होते. त्याआधी विचारायचा प्रश्न असा: २३० व्होल्ट कुठपर्यंत न्यायचे आहेत?

पॅसिव्ह पद्धतीत ॲम्प्लिफायर मिक्सरच्या (माइक आणि गाणी एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) टेबलाशी बसतो आणि डब्याकडे, म्हणजे स्पीकरच्या पेटीकडे, एकच स्पीकर वायर जाते. पॉवर्ड, म्हणजे ॲक्टिव्ह, स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर डब्याच्या पाठीतच असतो. त्यामुळे प्रत्येक डब्याकडे दोन वायरी जातात, एक सिग्नलची आणि एक मेन्सची, म्हणजे २३० व्होल्टच्या विजेची. पुढचे बहुतेक फायदे-तोटे इथूनच निघतात. (‘सेल्फ-पॉवर्ड’ हा शब्द ऐकून काही जण बॅटरीवाला चाकांचा ट्रॉली स्पीकर समजतात. ती जात वेगळी. भाषणापुरती ठीक, दीडशे माणसांच्या भजनाला नाही.)

इथे गृहीत धरलेली गरज मुंबईतल्या नेहमीच्या सोसायटीची आहे: स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा), पोडियम किंवा गच्ची, १०० ते २०० माणसं, आरती, भजन, हळदीकुंकू, मुलांची गाणी, अध्यक्षांचं भाषण. साउंड सांभाळायला पगारी माणूस नाही. ज्याला हौस आहे तो बसतो.

आत काय चालतं

हौशी माणूस बसणार हाच पॉवर्डच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. चांगल्या पॉवर्ड डब्यात वूफरला (जाड आवाजाला) एक आणि हॉर्नला (बारीक आवाजाला) एक असे दोन ॲम्प्लिफायर असतात. दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर आणि जास्त झालं की दाबून धरणारा लिमिटर कंपनीने त्याच वूफर-हॉर्नसाठी जुळवलेले असतात. उत्साहाच्या भरात कुणी फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकती पट्टी) वर लोटला तर लाल दिवा लागतो, आवाज गुदमरल्यासारखा होतो, पण डायफ्राम (हॉर्नचा थरथरणारा पडदा) बहुधा वाचतो. लिमिटरला एकच गोष्ट जमत नाही: मिक्सरमध्येच क्लिप होऊन, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन कापला जाऊन, आलेला फाटका आवाज तो शिवून देऊ शकत नाही.

पॅसिव्हमध्ये ही जुळवणी तुम्ही करायची. डबा ८ ओमचा (ओम म्हणजे विजेच्या रोधाचं माप) आणि ३०० वॉट आरएमएसचा (सलग वाजवण्याचे वॉट) असेल, तर ॲम्प्लिफायर ८ ओमवर साधारण ४०० ते ४५० वॉटचा घ्यावा, आणि त्यावरचा लिमिटर चालू ठेवावा. ‘छोटा ॲम्प घेतला की स्पीकर सुरक्षित’ हा समज महागात पडतो. छोटा ॲम्प मर्यादेला पोचला की ढोलकी-पखवाजचा खालचा आवाज कापला जातो, पण वरचा वाढतच राहतो. हॉर्नच्या नाजूक कॉइलला मग सरासरीने तिच्या ताकदीपेक्षा जास्त वॉट मिळतात आणि ती जळते. वूफर वाजत राहतो, म्हणून बिघाड लगेच लक्षातही येत नाही. आवाज नुसता कांबळीतून आल्यासारखा लागतो.

दुसरा घोळ ओमचा. ८ ओमचे दोन डबे एका चॅनेलवर समांतर जोडले की ४ ओम, तीन जोडले की २.६७, चार जोडले की २. पुष्कळ ॲम्प्लिफायर ४ ओमच्या खाली टिकत नाहीत. गणपतीत शेजारच्या मंडळाचे दोन डबे उसने आणून मागे लटकवले की ॲम्प तापतो आणि नेमका आरतीत प्रोटेक्शनला जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो. पॉवर्डमध्ये मागच्या लिंक आउटमधून फक्त सिग्नल पुढे जातो. तिसरा डबा जोडायचा तर ओमचं गणित नाहीच. त्याच्यासाठी मेन्सचा पॉइंट तेवढा शोधायचा.

वायरींचा हिशेब

पॅसिव्हमध्ये २० मीटरवर डबा म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर तिचाच रोध जवळपास ०.७ ओम. ४ ओमच्या लोडवर सुमारे १५ टक्के ताकद वायर गरम करण्यात जाते. २.५ चौरस मिलिमीटर घेतली की हा तोटा साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. त्यामुळे १० मीटरच्या पुढे २.५ च्या खाली उतरू नये, आणि टोकाला स्पीकॉन (स्पीकरचा खास प्लग) असावा. घालून फिरवला की तो अडकतो, पायाने ओढून निघत नाही.

जुन्या पॅसिव्ह डब्यांना पी-३८ (पाव इंची) जॅक असतो. दिसायला तीच वायर गिटारला किंवा कीबोर्डलाही चालते. ही बारीक शील्डेड सिग्नल वायर चुकून ॲम्प आणि डब्यामध्ये लागली तर ती तापते, कधी वितळून शॉर्ट होते. घरात पॅसिव्ह आणि पॉवर्ड दोन्ही असतील तर उलटी चूक आणखी वाईट: ॲम्प्लिफायरचं स्पीकर आउटपुट पॉवर्ड डब्याच्या इनपुटला लावणं. इनपुटचं सर्किट जाऊ शकतं. स्पीकर वायरींना लाल टेप, सिग्नल वायरींना निळी, एवढी शिस्त पुरते.

पॉवर्डला सिग्नलसाठी कॅनन-टू-कॅनन (दोन्ही टोकांना तीन पिनांचा एक्सएलआर) बॅलन्स्ड वायर लावा. बॅलन्स्ड वायर ५० मीटरलाही गुणगुणत नाही. मिक्सरमधून मोनो पी-३८ काढून नेली तर पाच-सहा मीटरनंतर हमिंग सुरू होण्याची शक्यता वाढते.

वॉट, आणि कायद्यातले डेसिबल

खोक्यावरचे ‘२००० वॉट’ बहुधा पीक, म्हणजे क्षणभराचे, असतात; सलग वाजवण्याचे वॉट त्याहून बरेच कमी. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की जातात ६. म्हणजे १ मीटरवर १२६ डेसिबल पीक देणारा डबा १६ मीटरवर १०२ उरतो, आणि तेवढंही सोसायटीला नको असतं.

का नको, ते २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. खासगी जागेच्या हद्दीवर सूट ५ चीच, म्हणजे ६०. लेखी परवानगी पोलिसांकडून. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती सरकारने जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात नियम आणखी कडक आहेत, म्हणून आपली जागा त्यात येते का ते आधी विचारा.

यातून निघणारी खरेदी अशी: एका टोकाला दोन मोठे डबे कर्कश वाजवण्यापेक्षा जास्त डबे, लोकांच्या जवळ, हळू. लांबट पोडियमवर मध्यावर तिसरा डबा ठेवला तर त्याला डीले द्यावा लागतो, म्हणजे त्याचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो. मुंबईच्या हवेत आवाज मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद घेतो. तिसरा डबा पुढच्यांपासून १२ मीटरवर असेल तर ३५ मिलिसेकंद. पुष्कळ पॉवर्ड डब्यांच्या मेनूत ही सोय आत असते. पॅसिव्हला त्यासाठी वेगळा प्रोसेसर आणि ॲम्पचा वेगळा चॅनेल लागतो.

१२ इंची की १५? १२. स्टिल्टखाली, स्लॅब डोक्यावर आणि तिन्ही बाजूंनी काँक्रीट असताना १५ इंचीचा बेस घुमतो, पखवाजाची धूम वाढते आणि अभंगाचे शब्द बुडतात. टाळ-झांज, हार्मोनियम आणि माणसाचा गळा १२ इंचीत नीट येतो. १५ हवा तो डीजेवाल्यांना.

पॉवर्ड जोडी उभी करताना

स्टँड ३५ मिलिमीटर पाइपचा. पाय पूर्ण फाकवा, एक पाय डब्याच्या तोंडाच्या दिशेला ठेवा, पाइपची पिन भोकात अडकवा. नुसत्या स्क्रूवर १५-१८ किलो सोडू नका. डबा दोघांनी चढवायचा. बसलेल्या लोकांसाठी हॉर्न १.८ ते २ मीटरवर, म्हणजे पहिल्या रांगेचे कान फुटत नाहीत आणि शेवटच्या रांगेला डोकी आडवी येत नाहीत. गच्चीवर वारा असेल तर उंची कमी करा आणि पायांवर वाळूच्या पिशव्या टाका. प्लास्टिकच्या खुर्चीवर डबा नको, ‘पाचच मिनिटांचं भाषण आहे’ म्हणूनसुद्धा नको.

मिक्सर आणि दोन्ही डबे एकाच फेजवर, एकाच बोर्डावरून घ्या. १.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची वायर, तीन पिनचे प्लग, आणि सुरुवातीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच), जिला इलेक्ट्रिशियन अजून ईएलसीबीच म्हणतात. तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का ते कार्यक्रमाआधी बघा. एक्स्टेन्शनची वायर ड्रमवर गुंडाळलेली ठेवू नका, आतल्या आत तापते. दोन १२ इंची डबे आणि मिक्सर ६ अँपिअरच्या पॉइंटवर सहज चालतात. त्याच बोर्डावर समोसे गरम करायचा ओव्हन लागला की मात्र गाणं थांबतं.

चालू करायचा क्रम: आधी मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. उलटं केलं की ‘धप्प’ होतं आणि तो धक्का वूफर खातो. डब्यामागचा लेव्हल नॉब मध्यावर, म्हणजे घड्याळातल्या बाराच्या जागी, आणि बाकी कमी-जास्त मिक्सरवर. इनपुटचा स्विच ‘लाइन’वर. तो ‘माइक’वर राहिला की नव्या कोऱ्या डब्याचा आवाज फाटतो आणि लोक तो दुकानात परत घेऊन जातात. गाण्याच्या आणि भाषणाच्या माइकवर १०० हर्ट्‌झच्या आसपासचा लो-कट (खालची घरघर काढणारं बटण) दाबा. माइक स्पीकरच्या मागे. पुढे आला की शिट्टी.

हमिंग आलंच तर बहुधा लॅपटॉपचा चार्जर कारण असतो. चार्जर काढून बघा. थांबलं तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स लावा. प्लगची जाड अर्थिंगची पिन काढणं हा उपाय मंडपात अजून सर्रास होतो. गुणगुण थांबते खरी. पण त्याच मिक्सरला लावलेला धातूचा माइक हातात घेऊन ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस त्या क्षणापासून अर्थिंगची जागा घेतो.

जिथे पॅसिव्ह जिंकतो

पाऊस. भाद्रपदात गणपती आला तरी मुंबईचा पाऊस गेलेला नसतो. पॅसिव्हमध्ये २३० व्होल्ट छपराखाली टेबलाशी राहतात, भिजणाऱ्या डब्यापर्यंत जात नाहीत. पॉवर्ड डबा मंडपाच्या कडेला उभा करायचा तर मेन्सचा जोडही तिथेच, पाण्याच्या वाटेवर. त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून गच्च बांधली की पाठीचा हीटसिंक गुदमरतो आणि ॲम्प थर्मल प्रोटेक्शनला जातो. घालायचंच तर वरून आणि समोरून आच्छादन, पाठ उघडी, आणि वायरीचे जोड जमिनीपासून विटेवर उचललेले.

दुरुस्ती. पॅसिव्ह डब्याचा डायफ्राम किंवा वूफर बाजारात मिळतो, ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारेही बरेच. पॉवर्डचं मॉड्यूल गेलं तर बहुधा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर अवलंबून राहावं लागतं, आणि तोवर तो नुसता डबा. उलट बाजूही आहे: पॅसिव्हचा एकुलता ॲम्प बसला की दोन्ही डबे मुके, पॉवर्डचा एक गेला तर दुसऱ्यावर कार्यक्रम पार पडतो.

कायमचा हॉल, भिंतीवर उंच बसवलेले डबे, वायरी प्लास्टरमधून: तिथे पॅसिव्हच घ्या. शिडी लावून मेन्सचा फ्यूज बघण्याची वेळ येऊ नये. उघड्या मैदानावर, पावसाळी मंडपातही पॅसिव्ह, आणि सोबत तो सांभाळणारा माणूस. वर्षातून दोनच कार्यक्रम असतील तर काहीच घेऊ नका, भाड्याने आणा; आपल्याकडच्या खारट दमट हवेत न वापरलेले नॉब खरखरतात आणि जॅक काळे पडतात. घेतलाच असेल तर महिन्यातून एकदा तासभर वाजवा. उरलेल्या सगळ्यांसाठी, म्हणजे महिन्याला एखादा कार्यक्रम, छप्पर आहे, आज इथे उद्या तिथे मांडायचं: १२ इंची पॉवर्ड जोडी.

मांडवाच्या तात्पुरत्या कनेक्शनवर किंवा जनरेटरवर दोन्ही पद्धतींना एक धोका सारखाच. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फेजवर २३० ऐवजी ३०० च्या वर, अगदी ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. पॅसिव्हमध्ये एक ॲम्प जातो, पॉवर्डमध्ये त्या फेजवरचे सगळे डबे. प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-न्यूट्रल २६० च्या पुढे दिसलं किंवा दिवे लुकलुकले तर काही लावू नका, वायरमनला बोलवा.

दुकानात ऐकायला जाताना मोबाईलमध्ये बाईच्या आवाजातलं बोलणं आणि झांजेसकट आरती रेकॉर्ड करून न्या. डीजेचं गाणं कुठल्याही डब्यावर भारीच वाजतं. काही न वाजवता नॉब मध्यावर ठेवून एक मीटरवर कान द्या, ‘सस्स’ किती येते ते कळतं. आणि डबा बाहेरच्या देशातून कुणी आणून विकत असेल तर प्लग खोचण्याआधी पाठीमागे वाकून बघा: व्होल्टेजचा स्विच असल्यास तो २३० वर आहे ना. ११५ वर असेल तर तुमचं ऐकणं एका सेकंदात आटोपतं.