पुण्याच्या एबीसीतल्या (अप्पा बळवंत चौकातल्या) जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बारावीच्या वर्गासाठी २४ कॉपी घेतल्या, त्याचा अनुभव

मी बारावीला इंग्रजी शिकवते. युवकभारतीत, म्हणजे बोर्डाच्या इंग्रजीच्या पुस्तकात, शेवटचा सेक्शन कादंबरीचा आहे, 'टू सर, विथ लव्ह', 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आणि 'द साइन ऑफ फोर' यांचे तुकडे, आणि ८० मार्कांच्या पेपरात त्याला १० मार्क. मग होतं काय की डिसेंबर संपता संपता नोट्स वाटायच्या, कॅरेक्टर स्केच पाठ करून घ्यायचं, संपला विषय. मीपण इतकी वर्षं हेच केलंय, खोटं कशाला बोलू. यंदा म्हटलं पोरांच्या हातात एक तरी अख्खी कादंबरी पडू दे, दोघांत एक कॉपी का असेना, आणि त्यातल्या त्यात ज्यूल व्हर्नचं 'अराउंड द वर्ल्ड' बरं, प्रवास आहे, पैज आहे, पळापळ आहे.

नव्या कॉपी परवडणाऱ्या नव्हत्या म्हणून अप्पा बळवंत चौक. गाडी अजिबात नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही आणि सगळं लक्ष टोइंगवाल्यांकडे राहतं, मी मंडईला मेट्रोनं उतरून चालत गेले. दुकान म्हणजे एका माणसाला आडवं उभं राहता येईल एवढी बोळ, दोन्हीकडे छतापर्यंत गठ्ठे, बोर्ड असेल पण त्याच्यावर गाइडची जाहिरात लटकवलेली त्यामुळे नाव मला आजही माहीत नाही. काकांना म्हटलं २४ कॉपी पाहिजेत, तर ते म्हणाले, "मॅडम, नाव एकच असतं, आत काय आहे ते उघडून बघा आधी." मी काही बघितलं नाही. सगळ्या एकसारख्या, कोऱ्या करकरीत, ७० रुपयाला एक, कव्हरवर छान रंगीत फुगा. घेतल्या आणि आले.

आता तो फुगा बघूनच मला कळायला हवं होतं. मूळ पुस्तकात फॉग, म्हणजे पैज लावून जगप्रवासाला निघालेला नायक, फुग्यातून कुठेच जात नाही, ते सगळं सिनेमामुळे लोकांच्या डोक्यात बसलंय. घरी येऊन वाचायला घेतलं तर ९६ पानांत जग फिरून परत. मुंबईला बोट लागली की पुढच्या पानावर हत्ती. मधलं सगळं गायब, आणि 'संक्षिप्त' हा शब्द कुठे तर आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही पण हे असलं छापून पोरांना विकणं म्हणजे कमाल आहे.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन परत गेले. काका एवढंच म्हणाले, "सांगितलं होतं ना." पण कुरकुर न करता कॉपीमागे १० रुपये कापून सगळ्या परत घेतल्या आणि आठ दिवसांत जुन्या, पूर्ण ३७ चॅप्टरवाल्या २४ कॉपी कुठून कुठून गोळा करून दिल्या, ९० रुपयाला एक. वरचे ७२० माझ्या खिशातून गेले. पाच-सहा वेगवेगळ्या एडिशन, त्यामुळे वर्गात पान नंबर सांगून काही उपयोग नाही, चॅप्टर आणि पॅरा मोजत बसावं लागतं. दोन कॉपींना कसर लागलेली. एकीत कुणीतरी पेन्सिलनं प्रत्येक अवघड शब्दाचा मराठी अर्थ लिहिलाय, चॅप्टर चारपर्यंत, मग बहुतेक परीक्षा झाली असावी.

आणि मग अकरावा चॅप्टर. त्यात ट्रेन मुंबईहून निघते, कल्याणला पोचते आणि व्हर्न सांगतो की इथून एक फाटा खंडाळा, पुण्याकडे जातो. पुणे! स्पेलिंग विचित्र आहे पण पुणेच. वर्गात एकदम गलका. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हणजे त्यानं आपल्याला बायपास केलं." गाडी पुढे खानदेशातून बऱ्हाणपूरला जाते तर जळगावचा एक मुलगा, जो जूनपासून तासाला एक शब्द बोलला नव्हता, तो उठून फळ्यावर नकाशा काढायला लागला. फॉगचा नोकर पासपार्तू, त्याचे बूट मुंबईत मलबार हिलच्या देवळात गेलेले असतात आणि तो बऱ्हाणपूरला खोट्या मोत्यांच्या सपाता घेतो, यावर तर पाच मिनिटं नुसतं हसणं. रेल्वे मध्येच संपते, फॉग २००० पाउंड मोजून हत्ती घेतो, ते पैसे आजचे किती यावर कॉमर्सवाल्यांची वेगळी भांडणं.

पण खरा तास झाला औदाच्या प्रसंगाला, म्हणजे सती जायला नेत असलेल्या विधवेला फॉग आणि मंडळी सोडवतात तिथे. एका मुलीनं विचारलं की सतीबंदी १८२९ ची आणि गोष्ट १८७२ ची, मग हे कसं? मी म्हटलं पुस्तकातच शोधा. शोधलं त्यांनी, तिथे बुंदेलखंडातल्या स्वतंत्र राजांचं कारण दिलंय. ते पटलं का, की युरोपातल्या वाचकाला असलंच काहीतरी हवं होतं, यावर बेल झाली तरी कुणी उठेना. हे ९६ पानांच्या पुस्तकातून झालं नसतं, तिथे औदाची अर्ध्या पानात सुटका होते. यातलं काहीही १० मार्कांत येणार नाही हे पोरांनाही माहीत होतं, तरी बसली.

तर दुकानाला पाचपैकी चार. एक कापला कारण काका छापील बिल देत नाहीत, चिठ्ठीवर आकडा आणि सही, आमच्या ऑफिसनं ती हसून परत केली. यूपीआय घेतात पण क्यूआर कोड गठ्ठ्यांच्या मागे आहे, तो काढायलाच दहा मिनिटं गेली. धुळीची ॲलर्जी असेल तर मास्क लावून जा.

पुढच्या वर्षी 'साइन ऑफ फोर' करायचंय, कॉपी बाजूला ठेवायला सांगून आले. आग्रा आणि अंदमानवाले चॅप्टर आहेत का बघून ठेवा म्हटलं, तर काका म्हणाले, "आता तुम्हीच उघडून बघा, मॅडम."