डिप्रेशनची गोळी, पण थकव्यासाठी: अमिट्रिप्टिलिन, फ्लुओक्सेटिन की ड्युलोक्सेटिन?

हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी मंडईतून भाजी आणली की पुढचे दोन दिवस अंथरुणात. शेवटी डॉक्टर क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, एक गोळी लिहून देतात आणि घरी येऊन नेटवर नाव टाकलं की कळतं, ही तर डिप्रेशनची! ‘म्हणजे माझं सगळं मनातलंच आहे असं वाटतंय की काय त्यांना?’ बहुतेक वेळा तसं नसतं. गोळी कुठली आणि किती मिलिग्रॅमची, हे बघितलं की डॉक्टरांच्या मनात काय आहे ते कळतं.

आधी कटू भाग. हा आजार बरा करणारी गोळी आज नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्वच्छ लिहिलंय. त्यामुळे गोळी निवडायची ती तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारा त्रास बघून.

झोप आणि अंगदुखी हे मुख्य दुखणं असेल, तर माझा कौल अमिट्रिप्टिलिनला. औषध १९६१पासूनचं, स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. डिप्रेशनसाठी ते ७५ ते १५० मिलिग्रॅम देतात; इथे सुरुवात रात्री १० मिलिग्रॅमने होते. एवढ्याशा डोसने डिप्रेशन हटत नाही, म्हणजे चिठ्ठीवर ‘१०’ दिसलं तर ती गोळी मनासाठी नाहीच. खास या आजारावरचा पुरावा मात्र तोकडा आहे. मज्जातंतूंच्या दुखण्यात आणि मायग्रेन टाळायला ती उपयोगी पडते, तोच अनुभव इकडे उसना आणलाय. रात्री अकराला घेतली तर सकाळी डोकं जड राहतं. आठच्या सुमारास घेणाऱ्यांना कमी त्रास होतो. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता आणि वजन वाढणं हे ठरलेले पाहुणे. उभं राहिलं की छाती धडधडते, चक्कर येते, अशांनी तर आधी डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं, कारण हा त्रास या गोळीने वाढू शकतो. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर दुसरा पर्याय विचारा. आणि घरात कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर या गोळ्यांचा साठा नको. जास्त डोस जिवावर बेततो.

फ्लुओक्सेटिनची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समधल्या रुग्णांना रोज २० मिलिग्रॅम असं आठ आठवडे देऊन पाहिलं; १९९६ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला, थकव्यावर फायदा नाही. म्हणून निव्वळ थकव्यासाठी ती घेण्यात मला अर्थ दिसत नाही. पण आजाराने नोकरी सुटली, माणसं दुरावली आणि खरंच डिप्रेशन आलं, तर त्याचा इलाज व्हायलाच हवा, आणि तिथे तिची किंवा तिच्याच जातीच्या सर्ट्रालिनची जागा पक्की आहे. फरक कसा ओळखायचा? ‘उद्या अंगात ताकद आली तर काय कराल?’ असं विचारून बघा. थकव्याचा रुग्ण दहा कामं मोजून दाखवतो. डिप्रेशनमधला माणूस पुष्कळदा गप्प राहतो. ही काही तपासणी नव्हे, पण डॉक्टरांशी बोलायला सुरुवात म्हणून चांगली. सुरुवातीला मळमळ, बेचैनी, झोप उडणं होतं. कामेच्छा कमी होते, ते कुणी आपणहून सांगत नाही. पंचविशीच्या आतल्यांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत नाहीत ना, यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं.

ड्युलोक्सेटिन या दोघींच्या मधली. फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजारातल्या, दुखण्यासाठी अमेरिकेत २००८पासून मान्य. थकव्याच्या रुग्णांवरच्या एका छोट्या चाचणीत दुखणं उतरलं, एकूण थकवा मात्र तिथेच राहिला. रक्तदाब वाढू शकतो, आणि एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं.

अंगदुखीवर आधीच ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते नक्की सांगा. यांतल्या कुठल्याही गोळीबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं.

गोळीच नको म्हणणाऱ्यांकडे पेसिंग उरतं, म्हणजे अंगातली ताकद बघून काम तोडून तोडून करणं. गोळी घेतली तरी ते सुटत नाही. ‘रोज थोडा व्यायाम वाढव’ हा सल्ला नाइसने २०२१मध्येच काढून टाकला, आपल्याकडे तो अजून सर्रास मिळतो.

सुरू करण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा: झोप किती, दुखणं दहापैकी किती, किती दिवस आडवं पडावं लागलं. एका वेळी एकच गोळी. दीड-दोन महिन्यांत ज्यासाठी घेतली तोच आकडा हलला नसेल, तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करत थांबवा. आणि आकडा हलला, दुखणं उतरलं, तर पहिल्याच रविवारी माळे काढून दिवाळीची साफसफाई करू नका. गोळीने दुखणं दबलेलं असतं, ताकद जेवढी होती तेवढीच असते, आणि बुधवारपर्यंत पुन्हा अंथरुणात.