कौलं घालू की स्लॅब टाकू?

गावी घर बांधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो भिंतींचा: जांभ्याचा चिरा की सिमेंटचे ब्लॉक? माझ्या मते खरा निर्णय छपराचा आहे. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तरेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि भिंतींपेक्षा छप्परच जास्त तापतं.

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री, नेमके आपण आडवे झालो की, ती धग खाली सोडतो. त्यावर गळतीसाठी काळं डांबर फासलं की तवाच! पांढरा चुना त्यापेक्षा बरा. कौल पातळ; लवकर तापतं तसं लवकर निवतं, आणि सांध्यांतून गरम हवा निघून जाते. खाली माळा असेल तर खोलीत झळ फारशी येत नाही.

जांभ्याच्या जाड भिंती गार ठेवतात, हे इथे अर्धंच खरं. देशावर रात्री पारा उतरतो, भिंती निवतात. किनाऱ्यावर दिवस-रात्रीत फरक थोडा. इथे बरं वाटतं ते वाऱ्याने घाम सुकला की. म्हणून समोरासमोर खिडक्या हव्यातच. कूलरवर पैसे घालू नका, दमट हवेत तो आणखी ओल भरतो. पश्चिमेचा मात्र पेच आहे: खारा वारा तिकडून, मावळतीचं ऊन तिकडून, पावसाची झडही तिकडूनच. त्या बाजूला खोल पडवी काढा, भिंत बंद करू नका.

(लडाखात फे गावातल्या सेक्मोल या शाळेच्या इमारती दक्षिणेच्या काचेतून ऊन घेऊन उबदार राहतात. त्यांचे व्हिडिओ पाहून इथे काच लावू नये. आपल्या थंडीला गोधडी पुरते.)

कौलांचा त्रास आहेच. पावसाआधी परतायची (म्हणजे काढून पुन्हा नीट लावायची), माकडं नाचली की बदलायची, वाशांना वाळवी. वाशांऐवजी गॅल्व्हनाइज्ड पाइप घातले तर वाळवी तरी टळते. स्लॅबमागे ही कटकट नाही, पण खाऱ्या हवेत आतल्या सळ्या गंजतात आणि ते कळतं पोपडे पडल्यावर.

बारमाही राहणार असाल आणि कौलं परतायला माणूस मिळत असेल, तर कौलंच. फक्त गणपती-शिमग्याला कुलूप उघडणार असाल, तर स्लॅब टाका; वर चार-पाच फूट पोकळी सोडून, बाजू उघड्या ठेवून पत्रा किंवा कौलं चढवा. स्लॅबला ऊन लागत नाही, गळतीही थांबते, आणि आषाढात कपडे वाळत घालायला जागा मिळते.