पणजोबांच्या वहीचं काय करायचं: पेटंट, गुपित की छापून मोकळं व्हायचं?

राजवाड्यामागचं जुनं घर आवरताना माळ्यावरच्या पेटीत पणजोबांची वही निघाली. मोडीतली, कडा वाळवीने खाल्लेली. भाजल्या जखमेवरच्या लेपाचं पान हळदीने अजून पिवळं आहे. आतेभावाने लगेच ठरवलं, "दादा, पेटंट घेऊन टाकू."

मला ते पटत नाही. पारंपरिक ज्ञानाला, किंवा माहीत असलेल्या औषधींच्या माहीत असलेल्या गुणांची मोट बांधली तर त्याला, आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(पी) पेटंट देत नाही. प्रयोगशाळेत खरोखर नवं काही निघालं तर गोष्ट वेगळी. तेव्हाही कृती अर्जात उघड करायची आणि वीस वर्षांनी ती साऱ्या जगाची.

गुपित ठेवायला फी नाही, मुदत नाही. आत्याने इतकी वर्षं तेच केलं. पण उद्या दुसऱ्याने पेटंट घेतलं, तर पेटीत बंद वही पुरावा म्हणून कुचकामी. हळदीचं आठवा. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. आपल्याकडे घरोघरी हळद लावतात, हे तिथे चालत नव्हतं. परदेशातल्या तोंडी वापराला तेव्हाचा अमेरिकी कायदा जुमानत नसे. सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने छापील संदर्भ पुढे केले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झालं. युरोपातली रीत निराळी. कडुनिंबाचं पेटंट तिथे २००० साली रद्द झालं, त्यात पुण्याच्या एका उद्योजकाने आधीच्या वापराची दिलेली साक्ष उपयोगी पडली.

छापलं तर दुसऱ्याच्या पेटंटला खीळ बसते, पण पैसा येत नाही आणि शेजारचा दुकानदारही लेप विकू शकतो. सरकारी पारंपरिक ज्ञान संग्रहाचा हेतूही पेटंट अडवण्याचाच, मानधनाचा नव्हे. मे २०२४ मध्ये जिनिव्हात झालेला पारंपरिक ज्ञानाविषयीचा आंतरराष्ट्रीय करारही पेटंटच्या अर्जदाराला ज्ञानाचं मूळ सांगायला लावतो. वाटा मिळवून देत नाही.

विकायचंच असेल तर लेपाच्या नावाचा ट्रेडमार्क घ्या. दर दहा वर्षांनी नूतनीकरण, बाकी कटकट कमी. मी आतेभावाला हेच सांगितलं: वही देवनागरीत उतरवून तारखेसह छापू, नाव मात्र आपलं.

मोडी वाचणारे एक काका परवा येऊन गेले. लेपातल्या तिसऱ्या औषधीचं नाव वाळवीने खाल्लंय. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "आधी छापायचं की विकायचं ते ठरवा, मग सांगते."