पृथ्वीचा कापीव गोळा: कवच जाड, गाभा बरोबर

गणेशचवथीच्या सुट्टीत नातीने हट्ट धरला म्हणून म्हापशातल्या एका दुकानातून पृथ्वीचा फोमचा गोळा आणला. ८५० रुपये. व्यास २८ सेंटिमीटर, दोन फाका चुंबकाने चिकटतात आणि मधला पिवळा गाभा चेंडूसारखा सुटा निघतो. नात सातवीत. मी गोव्यात दिचोलीच्या लोखंडाच्या खाणीवर सर्व्हेवाल्यांसोबत २६ वर्षं टेप धरलेला माणूस. खोकं उघडल्यावर ती रंग बघत बसली, मी फूटपट्टी काढली.

चेंडू व्यासाला साडेपाच सेंटिमीटरचा भरला. शाब्बास! खऱ्या आंतरगाभ्याची त्रिज्या सुमारे १२२० किलोमीटर, पृथ्वीची ६३७१; हिशेब जुळतो. पण वरचं कवच नऊ मिलिमीटर जाड! म्हणजे चारशे किलोमीटर. खंडांखालचं भूकवच सरासरी ३५ किलोमीटरच्या आसपास, ते या गोळ्यावर पाऊण मिलिमीटर यायला हवं. रशियात कोला इथे १२ किलोमीटर खोल भोक पाडलं, ते इथे दिसणारही नाही. आमच्या खाणीचं तर नावच नको.

दुसरी चूक मोठी. प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला थर, लालभडक, वर रसाचे ओघळ रंगवलेत. पोरांना वाटणार, पायाखाली सगळी कढईच उकळतेय. प्रावरण घन खडकाचं असतं, लाखो वर्षांच्या हिशेबात सरकतं, एवढंच. द्रवरूप आहे तो बाह्यगाभा, २८९० किलोमीटरच्या खाली. भूकंपाच्या दुय्यम लहरी फक्त घन पदार्थातून जातात, बाह्यगाभ्यातून जात नाहीत, त्यावरून ते कळलं. आत आणखी एक वेगळा गाभा आहे हे १९३६ साली इंगे लेमान या डॅनिश बाईंनी लहरींच्याच नोंदींवरून दाखवलं; तो घन आहे हे पुढे ठरलं. सोबतच्या पत्रकात यातलं काही नाही. पत्रक इंग्रजीत, नावं मी मराठीत चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवली.

पृथ्वी बदलत कशी गेली, याला पत्रकात एक ओळ. तेवढ्यावरूनही नातीने मला अडवलंच. "आजो, पृथ्वी वितळलेली होती तेव्हा जड लोखंड खाली गाभ्यात बुडालं म्हणतोस, मग तुझ्या खाणीत कुठून आलं?"

सगळं बुडालं नाही, बाय. काही लोखंड खडकांतच अडकून राहिलं. ते झिजून अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात विरघळलं. पुढे सूक्ष्मजीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली तसं ते गंजून तळाशी बसत गेलं, एक थर लोखंडाचा, एक गारेचा, म्हणजे गारगोटीसारख्या खडकाचा. नंतर पाऊसपाण्याने गार धुऊन नेली, लोखंड उरलं. तेच आम्ही खणलं, बार्जमध्ये भरलं आणि मांडवीतून मुरगाव बंदराला धाडलं. माझ्याकडे पट्ट्यापट्ट्यांचा एक दगड आहे, अंगणात तुळशीपाशी पडून असतो. तो आणून गोळ्याशेजारी ठेवला, तेव्हा तिला पटलं.

पाचपैकी तीन. घेणार असाल तर दुकानातच फाका दोनचारदा उघडून बघा. आमचं एक चुंबक तिसऱ्या दिवशी निखळलं, दुकानदार म्हणाला बदलून मिळत नाही. फेविक्विकने बसवलंय, पण उलटं बसलं बहुतेक. आता पृथ्वी मिटत नाही.